बारा फूट अबोला

२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गुडघा धरलाय. मान लववते, तेवढ्यावर भागव.

सुखरूप पोचले हे कळवायला दहा दिवस लावले म्हणून रागावू नकोस. फोन करणारच होते. पण तुमच्या दोन खोल्यांत फोनवर कुजबुजलेलंही दादाच्या कानावर जातं, आणि मला जे मागायचंय ते त्याने ऐकलं तर तो मला पुन्हा दारात उभी करणार नाही. म्हणून पत्र. पोस्टमन दुपारी येतो आणि तेव्हा दादा दुकानात घड्याळांत डोकं घालून बसलेला असतो, हे मी जानेवारीत बघून ठेवलंय.

तर काय. दहा एप्रिलला माझं प्रदर्शन आहे, पाच जणांचं, सगळी कामं अक्षरांची. मी त्याची क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारी. एकीने एकच शब्द चाळीस फूट कागदावर टाइप केलाय. एकाने साबणात शब्द कोरलेत, वरून थेंब थेंब पाणी पडणार आणि महिनाभरात ते विरघळणार. तिसरा जुन्या फोनच्या डिरेक्टऱ्यांतली माणसं खोडतो आणि फक्त पत्ते ठेवतो. चौथ्या बाई काचेवर राखेने लिहितात, त्यामुळे त्यांच्या खोलीत पंखा लावायचा नाही आणि कुणी शिंकायचंही नाही. पाचव्या कलाकाराच्या जोरावर मी ही जागा मिळवली होती, आणि त्याला दुसरीकडून मोठं बोलावणं आलं. गेला! माझी बारा फूट भिंत रिकामी. गॅलरीच्या मालकीणबाई म्हणतात, "भिंत भरा, नाहीतर ही तारीख दुसऱ्या कुणाला तरी देते." बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं प्रदर्शन मिळालंय, वहिनी. हे हातचं गेलं तर मला पुन्हा कोण विचारणार आहे?

आता खरं सांगते. तुमचा अबोला बघून मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आवरेना. दादा तुझ्यासमोर बसून चिठ्ठी लिहितो, उठतो, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवतो आणि परत येऊन तुझ्यासमोरच बसतो. मग तू उठतेस, वाचतेस, काढून डब्यात ठेवतेस. "मीठ कमी. तक्रार नाही, माहिती." त्या दिवशी जेवताना मला ठसका लागला तो तिखटाने नाही.

त्या चिठ्ठ्या मला दे. फेकल्या म्हणू नकोस, तू दोऱ्याचं रिकामं रीळही फेकत नाहीस.

तुझी नणंद,
बेबी

(पाकिटावर "बेबी" लिहू नकोस, पाया पडते. इथे मला सगळे "बाई" म्हणतात.)

८ फेब्रुवारी

चि. बेबीवन्सं,

आशीर्वाद. पाकिटावर "सन्माननीय बाई" लिहिलंय. झालं समाधान?

क्युरेटर म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर तिसऱ्याचा खिळा ठोकणारी, एवढं मला तुझ्या पत्रावरून समजलं. आमच्यात अशा बाईला कळलावी म्हणतात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्याच घरात खरी होताना बघावी लागेल असं वाटलं नव्हतं गं.

अबोल्याचं कारण तू विचारलं नाहीस, कारण तू त्यांची बहीण. तरी सांगते. एकतीस डिसेंबरला हॉस्पिटलात माझा निरोप समारंभ झाला. एकतीस वर्षं मी तिथल्या कपड्यांच्या खोलीत बसून चादरींवर आणि अभ्र्यांवर लाल दोऱ्याने वॉर्डांचे नंबर घातले. प्रत्येकाच्या घरच्याने चार शब्द बोलायचे असा तिथला रिवाज. मी तुझ्या दादांना दहा ओळी लिहून दिल्या, माझ्याबद्दल मीच, कारण ह्यांच्या तोंडून आपणहून काय निघणार! नुसतं वाचायचं होतं. हे उठले, कागद हातात धरला, खोकले, आणि म्हणाले, "बाकी सगळं तुम्हाला माहीतच आहे." आणि बसले. लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. मीही हसले. घरी येऊन दार लावलं आणि तोंडाला कुलूप घातलं. दहा ओळी, बेबी! तेवढ्याही ह्यांना जड झाल्या. मला इतकं लागलं की अजून आठवलं तरी डोळ्यांत पाणी येतं. आधी त्यांनी चुकलो म्हणावं, मगच मी बोलेन.

चिठ्ठ्या आहेत, बत्तीस. पण ते कागद कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले, तेलकट, टाचणी टोचली तर फाटतील. तसं मी आता घरी बसून माशाच मारतेय. निघताना हॉस्पिटलने मला रद्द चादरींचा गठ्ठा दिला आहे. मधे कार्बन ठेवून त्यांचं अक्षर जसंच्या तसं चादरीच्या तुकड्यावर उतरवते आणि लाल दोऱ्याने उलटी टीप घालून भरते. एक चिठ्ठी, एक तुकडा. नमुन्याला तीन पाठवलेत:

"गॅस संपला. दोष कुणाचाच नाही."

"तुझ्या बहिणीचा फोन आला होता. मी घरी नाही असं मीच सांगितलं."

"छत्री नेली आहे. पाऊस नाही. तरी नेली आहे."

पसंत नसतील तर भांडी पुसायला वापर. कापड चांगलं आहे.

वहिनी

१४ फेब्रुवारी

ती. वहिनी,

भांडी कसली पुसायची! मालकीणबाईंनी तुकडे हातात घेतले, उलटे करून मागची बाजू बघितली आणि म्हणाल्या, "या कलाकार कुठे शिकल्या?" मी सांगितलं, वॉर्ड नंबर चारमध्ये. त्यांना ती एखादी संस्था वाटली. मी वाटू दिली. तारीख पक्की झाली, वहिनी! त्या दिवशी मी घरी जाऊन एकटीच हसत बसले होते.

आता ऐक. बारा फूट भिंतीला बारा-बारांच्या चार ओळी, म्हणजे अठ्ठेचाळीस तुकडे लागतील. प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिठ्ठीची तारीख घाल, क्रम महत्त्वाचा आहे. त्यासाठी एक बारीक टोकाचं पेन पाठवतेय, ते कापडावर फुटत नाही. जपून वापर, आम्ही कलाकार लोक त्याला देव्हाऱ्यात ठेवतो.

आणि हात जोडून एक विनंती. तुमच्याकडे आत्ताशी बत्तीस आहेत. दादा दिवसाला एक लिहितो, कधी तेवढीही नाही. तेव्हा अठ्ठेचाळीस होईपर्यंत गोड होऊ नका. एरवी मी मध्ये पडून तुमचं भांडण मिटवलं असतं, पण सध्या माझं पोट त्यावर आहे. त्याने माफीबिफी मागितलीच तर ऐकू आलं नाही असं कर.

बेबी

२५ फेब्रुवारी

चि. बेबी,

पस्तीस पाठवलेत. बोटांना भोकं पडली. पैकी चार संध्याकाळी ह्यांच्या समोर बसून भरले. ह्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातात काय आहे याची ह्यांना आयुष्यात कधी चौकशी नव्हती, आता कुठून येणार!

हाताला येईल तो कागद घ्यायचा, कार्बन ठेवायचा आणि भरायचा, असं केलं. तुझ्या त्या तारखा सगळ्यात शेवटी बसून घातल्या, आधी पाठवलेल्या तीन तुकड्यांच्या तारखा वेगळ्या कागदावर लिहिल्यात. आणि भरताना मी वाचत नाही हं. तुकडा उलटासुलटा फिरवत रेघ धरून पुढे जायचं, तसाच हात बसलाय. त्यामुळे कुठे काय लिहिलंय ते मला विचारू नकोस.

अलीकडे चिठ्ठ्यांना धार चढली आहे. आधी निदान गंमत होती. आता नुसते हुकूम. "दिवा मंद झालाय. मोठा आण." आणला. दोन दिवसांनी, "हाही मंद. याहून मोठा." स्वयंपाकघरात आता ऑपरेशन करता येईल इतका उजेड आहे. "सोडा आणि मीठ शेजारी ठेवू नयेत." तीस वर्षं शेजारीच आहेत. "किल्ली नेहमीच्या जागी नाही. नेहमीची जागा कळवावी." जागा म्हणे कळवावी! मी काय ह्यांच्या कचेरीतली कारकून आहे?

परवा मात्र मी हरणार होते. संध्याकाळी हे दुकानातून आले आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटला. चांगला आवाज झाला. "लागलं का हो?" अगदी जिभेवर आलं होतं. मग तुझे अठ्ठेचाळीस आठवले आणि जीभ चावली. तेही खांदा चोळत आत गेले. रात्री जेवताना मला घास गोड लागला नाही. नवऱ्याच्या खांद्यापेक्षा नणंदेची भिंत मोठी झाली बघ. हे पाप तुझ्या खात्यावर.

वहिनी

४ मार्च

ती. वहिनी,

पाप मान्य, पण आधी कौतुक ऐक. काल सगळे अडतीस तुकडे गॅलरीच्या फरशीवर तारखांप्रमाणे मांडले आणि मी बसलेच खाली! वहिनी, दादाचं अक्षर वाढत जातं. एक जानेवारीला बारीक, नीटनेटकं, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी. फेब्रुवारी संपेपर्यंत दुप्पट. ओळी घसरतात, शब्द एकमेकांवर चढतात. राखवाल्या बाई आल्या होत्या, त्यांनीही कपाळाला हात लावला. भिंतीवर लावायची टीपही मी एका बैठकीत लिहिली. बघ:

"या कामात राग शब्दांत नाही, आकारात साचतो. बोलणं नाकारलेला पुरुष अक्षरांचा आवाज चढवत नेतो, आणि स्त्री तो आरडाओरडा टाक्या-टाक्याने शांतपणे नोंदवते."

कसं आहे? "आरडाओरडा" शब्द मालकीणबाईंना फार आवडला. त्यांनी तो निमंत्रणपत्रिकेवर घ्यायचा ठरवलाय.

आता दहा उरले. तेवढं ताणून धर. वाटलं तर एखादा दिवस भाजी करपव, मोठ्या अक्षरांची एखादी फर्मास चिठ्ठी पदरात पडेल. मी गंमत करतेय. अर्धी.

बेबी

११ मार्च

बेबी,

तुझी टीप वाचून आधी मी खूप हसले. तुझे दादा आणि आरडाओरडा! त्यांचा राग दुधासारखा, एकदम वर येतो आणि लगेच बसतो. साठवायची अक्कलच नाही त्या माणसाला. दोन महिने राग वाढवत नेतील हे माझ्या काही गळी उतरेना. पण तू आकाराचं लिहिलं होतंस, म्हणून मी मूळ कागद काढले आणि दुपारी फरशीवर तारखांनी लावले. इतके दिवस मी एकेका अक्षरावर सुई घातली, पण एकत्र कधी बघितलं नव्हतं.

रागाने लिहिणारा माणूस पेन दाबतो. एकतीस वर्षांत मी डॉक्टरांच्या, नर्सांच्या रागाच्या चिठ्ठ्या कमी नाही बघितल्या, कागदाच्या मागे वळ उठतात. ह्यांच्या कागदांना वळ नाहीत. उलट पेन हलकं, भीत भीत फिरवल्यासारखं. काही अक्षरं दोनदा काढलीत, पहिलं दिसलंच नाही म्हणून वरून पुन्हा. आणि शब्द एकमेकांवर चढतात ते फक्त कागदाच्या मधोमध. कडेला सगळं ठीक आहे. मी हे सगळं टाक्यांत उतरवलं होतं, बेबी, चुकांसकट, इमानदारीत. आणि मला कळलं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. दिवे. किल्ली. मीठ-सोडा. चौकट. आणि त्या कार्यक्रमातल्या दहा ओळी.

तरी मन मानेना. मीही कपाटावर चिठ्ठ्या लावत होते, त्या तर ते बरोबर वाचत होते, सांगितलेलं आणत होते. म्हणून काल सकाळी मी तुझं ते देव्हाऱ्यातलं बारीक पेन घेतलं आणि लिहिलं, "आज चहात साखर घातलेली नाही. डबा शेजारी ठेवला आहे." ह्यांना तीन चमचे लागतात. हे कपाटापाशी गेले, कागद काढला, नाकाजवळ धरला, खिडकीपाशी नेला, तिरका केला. मी दारामागे उभी होते. मग कागद खिशात घातला आणि बिनसाखरेचा सगळा चहा प्यायले. जाताना चिठ्ठी लावून गेले: "चहा उत्तम."

दुकानात गेले खरे, पण मला दिवस काढवेना. अकरा वाजता मीच गेले. समोर घड्याळ उघडून बसले होते, हातात चिमटा, आणि चिमटा नुसता हातात होता. मी म्हटलं, "डोळे कधीपासून?"

त्यांनी मान वर केली आणि काय म्हणाले असतील? "आधी तू बोललीस हं. हरलीस."

ऑक्टोबरपासून, बेबी. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाले, घड्याळजीला दिसत नाही हे एका गिऱ्हाइकाला कळलं की गल्लीला कळतं. पाच महिने हा माणूस भिंती धरून चालत होता आणि मी शेजारी बसून त्याची फजिती दोऱ्याने भरत होते. मला माझीच लाज वाटते.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. तुकडे परत पाठव. ते भांडण नाही, ते त्यांचं आजारपण आहे, आणि ते मी चार लोकांना बघू देणार नाही. भिंत मोकळी ठेव.

वहिनी

१५ मार्च

ती. वहिनी,

अडतीसच्या अडतीस तुकडे या पत्रासोबत आहेत. मोजून घे. टीप फाडून टाकली. मालकीणबाईंना सांगितलं की पाचवं काम येणार नाही. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वाट बघते, मग मात्र मला विचार करावा लागेल. करू दे.

चिडले नाही असं म्हणणार नाही. तुझं पत्र फोडलं तेव्हा शेवटची ओळ आधी दिसली, आणि अर्धा तास मी तुझ्या नावाने खडे फोडले. मग वरचं वाचलं.

वहिनी, मला एक सांगायचंय आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. जानेवारीत तुमच्याकडे होते तेव्हा दादाने मला एका गिऱ्हाइकाची पावती वाचायला दिली होती. मी म्हटलं, "चष्मा बदल रे म्हाताऱ्या!" तो हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीवरचं वाचून दे म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, लाड पुरे झाले, आपलं आपण वाच. मी अक्षरं बघण्याचा धंदा करते म्हणे! माझ्या सख्ख्या भावाची अक्षरं फरशीवर पसरली होती, मी त्यांच्याभोवती गुडघ्यांवर रांगत होते, आणि मला त्यात "आकारात साचलेला राग" दिसला. तुला खांदा दिसत होता तर मी तुला गप्प बसवलं. भाजी करपव म्हणाले मी!

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. हवं तर मी येते. प्रदर्शनाचं डोक्यातून काढून टाक, मीही काढतेय, हळूहळू.

दादाला माझा नमस्कार सांग. आता तुम्ही बोलता आहात, तेव्हा सांगता येईल.

बेबी

२८ मार्च

चि. बेबीस दादाचे आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. मी सांगतो तसंच लिहायचं अशी अट घातली आहे. (कबूल केली आहे. पाळीन असं नाही.)

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बिघाड आहे. डोळ्यात इंजेक्शनं देतात. एक झालं. घाबरलो नाही. (माझ्या मनगटावर अजून पाच बोटं आहेत.) गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते टिकेल असं म्हणतात. आणखी सहा महिने उशीर झाला असता तर टिकवायलाही फारसं उरलं नसतं. म्हणजे तुझ्या त्या अडाणी टिपेचे माझ्यावर उपकार आहेत. असलं काहीतरी लिहिलं नसतंस तर तुझ्या वहिनीने कागद काढले नसते. तेव्हा रडणं पुरे कर.

दुकानात मी स्वतःच सांगून टाकलं. मनगटी घड्याळं बंद, भिंतीवरची घेतो. ती मोठी असतात आणि निम्मं काम कानाने होतं. पाच गिऱ्हाइकं गेली, दोन नवी आली. दुसऱ्याने कुणी सांगायच्या आत आपण सांगितलं की हलकं वाटतं.

तुकडे मिळाले. हिने सगळे वाचून दाखवले. मी इतका विनोदी माणूस आहे हे मला माहीत नव्हतं. (नाहीतच. चिठ्ठ्या विनोदी आहेत.) ही शिवत होती हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. जुन्या चादरीतून दोरा ओढला की कसा आवाज येतो तो ऐकत मी एकतीस वर्षं संसार केलाय. काय शिवतेय ते मात्र कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

आता प्रदर्शनाबद्दल. ही म्हणते, माझं आजारपण भिंतीवर टांगायचं नाही. ते आजारपण माझं आहे, तेव्हा टांगायचं की नाही ते मी ठरवणार. टांग. अक्षर बिघडलंय ते बिघडलेलं दिसू दे. पण तुमच्या कामात एक मोठी चूक आहे. एवढी शिकलेली तू, एवढी हुशार ही, आणि दोघींनी मिळून माझ्याच चिठ्ठ्या गोळा केल्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अबोला काय एकट्याने होतो? त्या भिंतीवर मी वेड्यासारखा स्वतःशीच भांडतोय असं दिसेल. हिच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?

त्या माझ्याकडे आहेत. दुकानात, काचा ठेवायच्या खणात, एकावन्न. (बेबी, मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं वाचून फेकतात.) सोबत पाठवतोय. हिने त्या चादरींवर खुणा करायच्या जाड काळ्या पेनाने लिहिल्यात, बोटभर उंचीची अक्षरं. ते पेन घरात हाताशी असतं म्हणून लिहिल्या, दुसरं काही कारण नाही. (नव्हतं.)

पुढचं नीट लिहून घे. बेबी, ऑक्टोबरात माझं वर्तमानपत्र गेलं. मग पावत्या गेल्या. मग घड्याळावरचे आकडे. डिसेंबरात ते दहा ओळींचं भाषण हातात घेतलं तेव्हा पांढरा कागद तेवढा दिसत होता. आणि एक जानेवारीला सकाळी कपाटावर हिची पहिली चिठ्ठी होती, "दूध मी घेतलं आहे. पुन्हा घेऊ नये." मला ती वाचता आली. अख्खी. जराशी तिरकी मान करून, पण शब्दन्‌शब्द. किती दिवसांनी मी काहीतरी वाचलं होतं! मी तिथे उभा राहून चार वेळा वाचली.

तुम्हाला वाटलं मी हट्टाने गप्प बसलोय. माफी मागायला मला कितीसा वेळ लागतो! तिसऱ्याच दिवशी मागणार होतो. पण बोलायला लागलो असतो तर चिठ्ठ्या थांबल्या असत्या, आणि मला वाचायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

(थोडं थांब.)

(पंधरा मिनिटं गेली. चहा केला. ह्यांचं म्हणणं, मी इथे लिहावं की पेनातली शाई संपली होती. लिहिलं.)

तर हिच्या चिठ्ठ्या माझ्या चिठ्ठ्यांच्या समोर लाव, उत्तराला उत्तर. अठ्ठेचाळीसला जे दहा कमी पडत होते ते हिने या पंधरवड्यात भरले, आणि सगळे अठ्ठेचाळीस सोबत पाठवलेत. मालकीणबाईंना सांग भिंत भरली. वर खाली कुठेही लावू नकोस, हिची अक्षरं माझ्या नजरेच्या उंचीवर पाहिजेत. दहा तारखेला आम्ही येतोय. दारात माझा हात कुणी धरू नये, मला चालता येतं. ही सोडून.

तुझा,
दादा

(बेबी, लिहून झाल्यावर हे सगळं पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. "वाचायला दुसरं काहीच उरलं नव्हतं" इथे आले तेव्हा म्हणाले, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाच. त्यांना सगळं नीट ऐकू येतं. मी पुन्हा वाचलं.)